डीएनए तोच, आई तीच, मग दोन पेशींचं नशीब वेगळं कसं? ड्रोसोफिलाच्या स्टेम सेलबद्दल शंका

पाऊसवेडी

नमस्कार. मी झूऑलॉजी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या गुरुवारी सेमिनार आहे, विषय ड्रोसोफिलाच्या, म्हणजे बारक्या चिलटांच्या, ओव्हरीतल्या (अंडाशयातल्या) स्टेम सेल्स आणि त्यांच्यातलं जीन रेग्युलेशन. आमच्याकडे माशीवर काम करणारं कुणीच नाही त्यामुळे विचारायला माणूस नाही, म्हणून इथे लिहितेय.

मला जेवढं कळलंय ते आधी सांगते. जर्मलाइन स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून पुढे अंडं होतं ती, विभागली की दोन पेशी होतात. एक आईसारखी स्टेम सेलच राहते, दुसरी सिस्टोब्लास्ट होते, ती पुढे चार वेळा विभागून १६ पेशींचा गठ्ठा करते आणि त्या १६ मधल्या एकीचं अंडं होतं, उरलेल्या १५ तिला पोसतात. इथपर्यंत ठीक.

अडतंय ते याच्या आधीच्या पायरीवर. दोघींचा डीएनए अक्षर न् अक्षर सारखा, आई एकच, जन्माची वेळ एकच. तरी एक तिथेच थांबते आणि दुसरी निघते. पुस्तकात एका ओळीत लिहिलंय की निशकडून, म्हणजे स्टेम सेल जिथे बसते त्या जागेकडून, डीपीपी नावाच्या प्रोटीनचा सिग्नल येतो आणि त्याने स्टेम सेलची ओळख टिकते, पुढे लगेच दुसरा मुद्दा. पण म्हणजे आत नेमकं काय झालं? मी असं समजून चालले होते की हा सिग्नल "स्टेम सेल बनवणारा" एखादा जीन चालू करत असणार, तो जीन कुठला हे शोधण्यात दोन दिवस गेले, आणि जिथे बघावं तिथे बॅम नावाचा जीन समोर येतो जो स्टेम सेलमध्ये चालूच नसतो! जो बंद आहे तोच एवढा महत्त्वाचा कसा? मी काहीतरी उलटं धरलंय असं वाटतंय पण काय ते सापडत नाहीये.

आणि अजून एक, आई रोज विचारते की माणसांचं सोडून चिलटांच्या अंडाशयाचा अभ्यास कशाला करतात. तिला खरंच जाणून घ्यायचंय, तर तिला सांगण्यासारखं काही असेल तर तेही लिहा.

माशीघर

उलटं धरलंयस हे तुझं तुलाच जाणवलं म्हणजे निम्मं काम झालं. मी पीएचडीची सहा वर्षं माशीच्या ओव्हरीवरच काढली आहेत त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

तू धरून चालली आहेस की स्टेम सेल असणं म्हणजे काहीतरी चालू करणं. पण या पेशीचा मूळ कलच बदलण्याकडे आहे. सोडून दिली की ती बदलणारच. तिला स्टेम सेल म्हणून ठेवायचं तर कुणीतरी सतत, न थकता थोपवून धरावं लागतं, आणि डीपीपीचं काम ते आहे, थोपवण्याचं. हे एकदा डोक्यात बसलं की बॅम बंद असणं इतकं महत्त्वाचं का ते आपोआप कळतं.

आधी जागा डोळ्यासमोर आण. माशीच्या प्रत्येक ओव्हरीत साधारण १६ ते २० नळ्या असतात, ओव्हेरिओल. प्रत्येक नळीच्या निमुळत्या टोकाला जर्मेरियम आणि त्याच्याही अगदी शेंड्याला पाच-सात कॅप सेल्स टोपीसारख्या बसलेल्या. त्यांना चिकटून फक्त दोन किंवा तीन स्टेम सेल्स. निश हा शब्द आपण घोकून पाठ करतो पण त्याचा साधा अर्थ कोनाडा, जुन्या घरात भिंतीत पणती ठेवायला असायचा तसा. कोनाड्यात वारा लागत नाही म्हणून पणती तेवत राहते, तशी कॅप सेल्सच्या कुशीत स्टेम सेल स्टेम सेल राहते. ही कल्पना १९७८ मध्ये स्कोफिल्ड यांनी उंदराच्या रक्त बनवणाऱ्या पेशींबद्दल मांडली होती, पण हाच तो कोनाडा आणि हीच ती पेशी असं बोट ठेवून दाखवता आलं ते माशीच्या ओव्हरीत, झी आणि स्प्रॅडलिंग या दोघांनी १९९८ आणि २००० मध्ये.

आता आतली साखळी. कॅप सेल्स डीपीपी सोडतात. ते स्टेम सेलच्या अंगावरच्या थिकव्हेन्स आणि पुंट या रिसेप्टरांना, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीन्सना, लागतं. त्यामुळे आत मॅड नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट चिकटतं, मॅड मग मेडिया या दुसऱ्या प्रोटीनला बरोबर घेऊन न्यूक्लिअसमध्ये जातं आणि बॅम जीनच्या सुरुवातीजवळ डीएनएचा एक अगदी छोटा तुकडा आहे तिथे जाऊन बसतं. या तुकड्याला सायलेन्सर म्हणतात. तिथे श्नुरी नावाचं तिसरं प्रोटीन येऊन मिळालं की बॅम बंद. एवढंच. म्हणजे बाहेरचा सगळा निरोप शेवटी येऊन थांबतो तो डीएनएच्या एका चिमुकल्या तुकड्यावर, आणि मला आजही हे सांगताना भारी वाटतं.

पेशी विभागते तेव्हा ती अशी आडवी-उभी कशीही विभागत नाही, एक लेक कॅप सेलला चिकटून राहील आणि दुसरी एक पेशीभर लांब जाईल अशीच विभागते. लांब गेलेलीत मॅडवरचं फॉस्फेट कमी होतं, सायलेन्सर रिकामा पडतो, बॅम बनायला लागतं आणि ती सिस्टोब्लास्ट होऊन मार्गाला लागते.

हे नुसतं चित्र नाही, प्रत्येक पायरी माशीत मोडून बघितलेली आहे आणि सेमिनारला तू हेच प्रयोग सांग, कारण कुणी प्रश्न विचारला तर उत्तर यातच असतं. बॅम मोडला तर ओव्हरी स्टेम सेलसारख्या गोल गोल पेशींनी गच्च भरते, गठ्ठा होतच नाही, अंडं होत नाही. जीनचं नावच त्यावरून पडलंय, बॅम म्हणजे बॅग ऑफ मार्बल्स, गोट्यांची पिशवी, कारण मायक्रोस्कोपखाली अगदी तशी दिसते. उलट स्टेम सेलमध्ये जबरदस्तीने बॅम चालू केला, माशांना थोडा वेळ ३७ डिग्रीला ठेवून हीट शॉकने करतात, तर कोनाड्यात बसल्या बसल्या स्टेम सेल्स बदलून जातात आणि कोनाडा रिकामा होतो. डीपीपी जास्त दिलं तर पुन्हा स्टेम सेल्सचा ढीग. आणि माझा सर्वात आवडता, बॅमही मोडलेला आणि सिग्नल घेणारी यंत्रणाही मोडलेली अशी पेशी केली तर काय होईल सांग? सिग्नल नाही म्हणजे बदलायला हवी ना? नाही बदलत. कारण बदलायला लागणारा बॅमच नाही. म्हणजे सिग्नल जे काही करतो त्यातलं मुख्य काम बॅमला गप्प बसवणं हेच, हे यातून सिद्ध होतं.

जागेचंच महत्त्व आहे याचा अजून एक पुरावा. माशी म्हातारी होत जाते तशा स्टेम सेल्स अधूनमधून गळतात, साधारण महिनाभरात निम्म्या. एक गळाली की शेजारची स्टेम सेल त्या वेळेला आडवी विभागते, दोन्ही लेकी कॅप सेलला चिकटलेल्या राहतात आणि दोन्ही स्टेम सेल होतात. आई तीच, फक्त दुसऱ्या लेकीला बसायला जागा मिळाली.

आता तुझ्या आईसाठी. त्यांना सांग की माशीचं डीपीपी आणि माणसाच्या शरीरात हाड तयार करायला लावणारं बीएमपी ही एकाच घराण्यातली प्रोटीन्स आहेत. इतकी जवळची की १९९३ मध्ये माशीचं डीपीपी उंदराच्या कातडीखाली ठेवून बघितलं तर तिथे हाड तयार झालं. ज्या माशीच्या अंगात एकही हाड नाही तिच्या प्रोटीनने! आणि माणसाचं बीएमपी-४ डीपीपी नसलेल्या माशीत घातलं तर माशीचं काम भागतं. आज मणक्याच्या काही ऑपरेशनमध्ये हाड जुळायला बीएमपी-२ वापरतात. चिलटाच्या अंडाशयात जे वाचलं जातं ते आपल्याच शरीरात लिहिलेलं आहे असं त्यांना सांग.

पाऊसवेडी

दादा खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं, हाडाचं ऐकून ती पोळ्या लाटायची थांबली.

थोपवून धरायचं हे कळलं आणि मला आता पूर्ण विषय वेगळा दिसतोय. पण त्यामुळेच दोन नवीन शंका आल्या.

पहिली, दुसरी लेक फक्त एक पेशीभर लांब आहे. डीपीपी तर बाहेर सोडलं जाणारं प्रोटीन, पंखांच्या चकतीत (अळीतल्या ज्या पेशींपासून पुढे पंख होतो त्यांच्यात) ते कितीतरी पेशी ओलांडून लांबपर्यंत पसरतं असं वाचलंय. मग इथे शेजारच्या पेशीपर्यंतसुद्धा का पोचत नाही? दुसरी, सायलेन्सर रिकामा झाला की बॅम चालू होतो असं तुम्ही लिहिलंय, पण रिकामा होणं म्हणजे बंद करणारा गेला, चालू करणारा कोण आला? ब्रेक सोडला म्हणून गाडी आपोआप थोडीच चालते.

केळफूल

दोन्ही प्रश्न फार नेमके आहेत. मी डेव्हलपमेंटल बायोलॉजी शिकवते, विद्यार्थ्यांनी हे विचारलं की त्या दिवशी मला घरी जाताना बरं वाटतं.

दुसरा आधी घेते. तुझी गाडी सपाटीवर उभी आहे असं तू धरलंयस, ती उतारावर उभी आहे. हे कसं कळलं तर बॅमच्या पुढच्या भागातला तो सायलेन्सरचा तुकडा कापून टाकला आणि उरलेला प्रमोटर, म्हणजे जीन जिथून सुरू होतो तो भाग, माशीत घालून बघितला. तेव्हा बॅम स्टेम सेलमध्येही चालू झाला. म्हणजे चालू करणारी प्रोटीन्स स्टेम सेलमध्ये आधीपासून हजर होती, दोन्ही लेकींमध्ये सारखीच होती, फरक होता तो फक्त सायलेन्सरवर कुणी बसलंय की नाही याचा. चेन आणि मॅककेरिन यांचं २००३ चं काम आहे हे. म्हणून सेमिनारमध्ये "बॅम चालू होतो" असं म्हणण्यापेक्षा "बॅमवरची बंदी उठते" असं म्हण, ऐकणाऱ्याला चित्र लगेच कळतं.

आता पहिला. पंखाच्या चकतीत डीपीपी लांब जातं हे बरोबर, आणि इथे जाऊ नये म्हणून ओव्हरीने किती बंदोबस्त केलाय ते बघ. कॅप सेल्सच्या अंगावर डॅली नावाचं साखरेच्या साखळ्या लावलेलं प्रोटीन असतं, ते डीपीपीला जवळच धरून ठेवतं आणि चिकटलेल्या स्टेम सेलला पुरवतं. त्या भागातलं टाइप फोर कोलॅजनही डीपीपीला अडकवून ठेवतं. बाजूच्या एस्कॉर्ट सेल्समध्ये डॅली बनू नये म्हणून जर्म सेल्स (स्टेम सेल आणि तिच्यापासून झालेल्या पेशी) स्वतःच त्यांना ईजीएफ रिसेप्टरवाटे निरोप पाठवतात, हे बिघडलं तर एस्कॉर्ट सेल्सही डॅली बनवायला लागतात, डीपीपी आत आतपर्यंत पसरतं आणि स्टेम सेल्ससारख्या पेशी वाढत जातात. एवढं करूनही थोडंफार डीपीपी पोचलंच तर? तर सिस्टोब्लास्टमध्ये स्मर्फ आणि फ्यूज्ड ही दोन प्रोटीन्स मिळून थिकव्हेन्स रिसेप्टरच मोडीत काढतात. म्हणजे निरोप आला तरी ऐकायला कान नाही. बाहेरून कमी पुरवठा आणि आतून बहिरेपण अशा दोन्ही बाजूंनी ती एका पेशीची सीमा इतकी कडक होते.

अजून एक थर आहे जो बहुतेक सेमिनारमध्ये राहून जातो आणि माझ्या मते तोच विषयाचा गाभा आहे. जीन रेग्युलेशन म्हटलं की आपण फक्त जीन चालू किंवा बंद एवढंच बघतो. पण स्टेम सेलमध्ये बदलाला लागणाऱ्या काही जीनचे एमआरएनए, म्हणजे ज्यावरून प्रोटीन बनतं त्या जीनच्या नकला, तयार होऊन पडलेले असतात, त्यांच्यापासून प्रोटीन बनू देत नाहीत नॅनोस आणि प्युमिलिओ ही दोन प्रोटीन्स. ही जोडी एमआरएनएच्या शेपटीकडच्या भागाला धरते. नॅनोस किंवा प्युमिलिओ मोडलं तर स्टेम सेल्स टिकत नाहीत, डीपीपी कितीही असू दे. म्हणजे डीपीपीने बॅमला जीनच्या पातळीवर बंद केलंय आणि नॅनोस-प्युमिलिओने बाकीच्यांना प्रोटीनच्या पातळीवर, बाहेरून कुलूप आणि आतून कडी. आणि सिस्टोब्लास्टमध्ये बॅम आलं की ते बीजीसीएन नावाच्या जोडीदाराबरोबर जाऊन नॅनोसचंच प्रोटीन बनणं थांबवतं. एक कुलूप उघडलं की त्याच किल्लीने आतली कडी निघते.

स्लाइडवर या दोन पातळ्या वेगवेगळ्या रंगात काढ. एकाच बाणांच्या जाळ्यात सगळं कोंबलंस तर कुणालाच कळणार नाही, मी स्वतः पहिल्या वर्षी शिकवताना तसंच केलं होतं आणि वर्गातल्या कोऱ्या चेहऱ्यांवरून मला ते कळलं.

नसांचीगुंफण

वरची दोन्ही उत्तरं मस्त आहेत, पण धागा वाचून कुणाचा असा समज होईल की स्टेम सेलचं भवितव्य नेहमी बाहेरचा कोनाडाच ठरवतो, आणि विषयाच्या नावात नुसतं "स्टेम सेल" असेल तर परीक्षक हमखास इथे पकडतील. म्हणून माशीच्या मेंदूची बाजू लिहितो. मी मूळचा सोलापूरचा, सध्या बाहेरदेशी न्यूरोब्लास्टवर पोस्टडॉक करतोय.

न्यूरोब्लास्ट म्हणजे मेंदूची स्टेम सेल. ती विभागते तेव्हा फरक बाहेरून येत नाही, आधीच आत मांडून ठेवलेला असतो. विभागणीच्या आधी पेशीच्या एका टोकाला एपीकेसी नावाचं प्रोटीन आणि त्याची साथीदार प्रोटीन्स गोळा होतात, आणि दुसऱ्या टोकाला मिरांडा नावाचं प्रोटीन प्रॉस्पेरो आणि ब्रॅट यांना धरून बसतं, नंबही तिकडेच. मग पेशी असमान कापली जाते. मोठी लेक न्यूरोब्लास्ट राहते, छोट्या लेकीच्या वाट्याला हे सगळं गाठोडं येतं. तिच्यात मिरांडा सुटतं, प्रॉस्पेरो न्यूक्लिअसमध्ये शिरतं आणि स्वतःसारखीच पेशी बनवत राहण्याचे जीन बंद करून न्यूरॉन होण्याचे जीन चालू करायला लागतं. बघ, प्रॉस्पेरो आईच्या पेशीतही होतं, फक्त न्यूक्लिअसच्या बाहेर बांधून ठेवलेलं होतं. जीन रेग्युलेशनमध्ये प्रोटीन आहे की नाही याच्या इतकंच ते कुठे आहे हेही मोजावं लागतं, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकात फार हळू आवाजात सांगितलेली असते.

हे गाठोडं बिघडलं तर काय होतं ते ब्रॅटच्या नावातच आहे, ब्रेन ट्यूमरचं ते लघुरूप आहे. ब्रॅट मोडलेल्या अळीच्या मेंदूत छोटी लेकसुद्धा न्यूरोब्लास्ट होते, तिच्या लेकीही न्यूरोब्लास्ट, न्यूरॉन होतच नाहीत आणि मेंदू फुगत जातो. कॉसिनस आणि गोन्झालेझ यांनी २००५ मध्ये अशा बिघडलेल्या मेंदूचे तुकडे निरोगी माशांच्या पोटात ठेवून बघितले, ते तुकडे १०० पटींहून जास्त वाढले आणि दोन आठवड्यांत माशी मेली, आणि ती गाठ एका माशीतून दुसऱ्या माशीत नेत वर्षानुवर्षं वाढवता आली. मी ती आकृती पहिल्यांदा बघितली तेव्हा कॅन्सरबद्दल माझ्या मनात जे चित्र होतं ते बदललं. त्या पेशीला वाढायचं कुणी शिकवलं नव्हतं, तिला थांबायला सांगणारं गाठोडं तिच्यापर्यंत आलं नव्हतं.

आणि न्यूरोब्लास्टमध्ये अजून एक गंमत आहे जी ओव्हरीत नाही, काळ. एकच न्यूरोब्लास्ट ओळीने वेगवेगळे न्यूरॉन देते आणि तो क्रम ठरलेला असतो, कारण तिच्यात एकामागून एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारी प्रोटीन्स) येतात, आधी हंचबॅक, मग क्रुपेल, मग पीडीएम, मग कॅस्टर. भ्रूणातल्या ७-१ नंबरच्या न्यूरोब्लास्टमध्ये यू१ ते यू५ असे पाच मोटर न्यूरॉन याच क्रमाने होतात, पहिले दोन हंचबॅकच्या वेळेत. हंचबॅक जास्त वेळ चालू ठेवला तर सुरुवातीचे न्यूरॉन जास्त होतात. पण उशिरा पुन्हा चालू केला तर एका मर्यादेनंतर उपयोग होत नाही, कारण तोवर हंचबॅकचा जीन न्यूक्लिअसच्या कडेला, लॅमिनापाशी जाऊन बसलेला असतो आणि ती पेशी आता हंचबॅकचं ऐकत नाही. जीनची न्यूक्लिअसमधली जागासुद्धा रेग्युलेशनच आहे.

केळफूल

नसांचीगुंफण, फार महत्त्वाची भर, मी हे लिहायला हवं होतं. त्यात एक जोडते कारण दोन्ही गोष्टी इथे चक्क हातात हात घालतात. तुमचं ब्रॅट ओव्हरीतही आहे. स्टेम सेलमध्ये नॅनोस आणि प्युमिलिओ मिळून ब्रॅट बनू देत नाहीत. सिस्टोब्लास्टमध्ये नॅनोस गेलं की ब्रॅट बनतं आणि मग तेच प्युमिलिओ, जे आतापर्यंत ब्रॅटला दाबत होतं, ब्रॅटचाच जोडीदार होऊन मॅडचं प्रोटीन बनणं कमी करतं. म्हणजे डीपीपीचा निरोप आतून अजून पुसला जातो. जोडीदार बदलला की त्याच प्रोटीनचं काम उलटं. पाऊसवेडी, वेळ मिळाला तर शेवटच्या स्लाइडवर ब्रॅट एकटंच ठेव, डावीकडे ओव्हरी उजवीकडे मेंदू.

देवगडकर

मी शास्त्रातला माणूस नाही, आंब्याची बाग आहे. सगळं कळलं असं म्हणणार नाही पण कोनाड्याचं आणि गाठोड्याचं कळलं. दोन प्रश्न विचारतो. आमच्या हापूसला लागते ती फळमाशी हीच का? आणि एकदा बदललेली पेशी परत मूळ पेशी होऊ शकते का? कलम छाटल्यावर जुन्या लाकडातून नवा फुटवा येतो म्हणून विचारलं.

माशीघर

काका, आंब्याला लागते ती वेगळी, बॅक्ट्रोसेरा, ती चांगली घरमाशीएवढी असते आणि धडधाकट फळात अंडी घालते, तिच्यासाठीच तुम्ही मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगता. ड्रोसोफिला म्हणजे घरात केळी जास्त पिकली की भोवती फिरतात ती लाल डोळ्यांची बारकी चिलटं. ती पिकून आंबायला लागलेल्या फळावर येतात, तुमच्या बागेला त्यांच्यापासून धोका नाही. आपल्याकडे या चिलटांवर फार जुनं काम आहे बरं का, मुंबईत टीआयएफआरला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) ओबेद सिद्दिकींनी १९६२ मध्ये मॉलिक्युलर बायोलॉजीचा विभाग उभा केला आणि पुढे तिथे माशीला वास आणि चव कशी कळते यावर जगाने दखल घ्यावी असं काम झालं.

दुसरा प्रश्न तुम्ही फुटव्यावरून विचारलात आणि उत्तर हो आहे. २००४ मध्ये दोन ठिकाणी हे दाखवलं गेलं. काई आणि स्प्रॅडलिंग या दोघांनी अळीच्या ओव्हरीत सगळ्या स्टेम सेल्सना जबरदस्तीने बॅम देऊन बदलायला लावलं, गठ्ठे तयार झाले, मग बॅम थांबवलं. त्या गठ्ठ्यांतल्या एकमेकींना जोडलेल्या पेशी सुट्या झाल्या, रिकाम्या कोनाड्यात जाऊन बसल्या आणि पुन्हा स्टेम सेल झाल्या, पुढे नीट अंडी झाली. त्याच वर्षी ब्रॉली आणि मॅट्युनिस यांनी नराच्या वृषणात तसंच दाखवलं, तिथे कोनाड्याचा निरोप वेगळा, हब नावाच्या पेशी अनपेअर्ड नावाचं प्रोटीन सोडतात आणि आत स्टॅट हे प्रोटीन चालू होतं, पण मागे फिरणं तेच. मात्र हे पहिल्या काही विभागण्यांपर्यंतच्याच पेशींना जमतं, त्यापुढे नाही. तुमच्या झाडात कुठलंही खोड फुटू शकतं, माशीत तेवढी मुभा नाही.

पाऊसवेडी

देवगडकर काका, तुमचा प्रश्न मी सेमिनारमध्ये तसाच्या तसा घेणार आहे, फुटव्यासकट, चालेल ना?

मी आता क्रम असा लावलाय. आधी कोनाडा, मग सायलेन्सर आणि बंदी उठणं, मग कुलूप-कडी, मग एका पेशीची सीमा, मग मेंदूतलं गाठोडं, शेवटी ब्रॅट. टाइप टू न्यूरोब्लास्ट (मेंदूतलाच न्यूरोब्लास्टचा दुसरा प्रकार) मी सोडून देतेय, वीस मिनिटांत नाही मावत.

एक शेवटचं विचारते. आमच्या लॅबमध्ये कॉन्फोकलसारखा भारी मायक्रोस्कोप वगैरे काही नाही, डिसेक्शन मायक्रोस्कोप आहे आणि एक साधा कंपाउंड. पॉलिटीन (जाडजूड) क्रोमोसोमच्या प्रॅक्टिकलचं ॲसिटो-ऑर्सिन, म्हणजे क्रोमोसोम रंगवायचा रंग, उरलेलं आहे. त्यात मला स्वतःला ही ओव्हरी बघता येईल का? एवढं वाचलं पण एकदाही डोळ्यांनी बघितली नाहीये.

देवगडकर

चालेल की पोरी. आनंद झाला.

माशीघर

येईल, आणि बघच, गुरुवारच्या आत. बाटलीत जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेव, तोंडाला कागदाचं नरसाळं लाव, दिवसभरात चिलटं आत येतील. त्यातल्या लाल डोळ्यांच्या पिवळसर अंगाच्या घे, मादीचं पोट टोकाला निमुळतं आणि पट्टेरी असतं, नराची शेपटी काळी बोथट. माद्यांना दोन दिवस नरांबरोबरच ठेव आणि बेकरीत मिळतं ते यीस्ट पाण्यात घट्ट कालवून बाटलीच्या आत बोटभर लाव. हे यीस्ट विसरू नकोस, उपाशी मादीची ओव्हरी बारीक पडते आणि काहीच हाती लागत नाही, पोटभर यीस्ट खाल्लेलीची दोन दिवसांत टम्म फुगते.

मग बाटली पाच मिनिटं बर्फात ठेव, माशा निपचित पडल्या की एक मादी सलाइनच्या थेंबात घे, एका चिमट्याने छातीपाशी धर आणि दुसऱ्याने पोटाचं शेवटचं टोक हळू ओढ. दोन पांढऱ्या ओव्हरी बाहेर येतील, लसणाच्या गड्ड्यासारख्या दिसतात, प्रत्येक पाकळी म्हणजे एक ओव्हेरिओल. सुईने जाड टोकाकडून सुटी करत बारीक टोकाकडे ये, बारीक टोक ओढू नकोस कारण कोनाडा तिथेच आहे आणि तो तुटतो. ऑर्सिनमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवून कव्हरस्लिप अलगद ठेव, पॉलिटीनसारखी अंगठ्याने दाबू नकोस.

मण्यांची माळ दिसेल, एका टोकाला बारीक मणी आणि पुढे पुढे मोठे. मोठ्या मण्यांत गडद ठळक न्यूक्लिअस दिसतील त्या पोसणाऱ्या १५ पेशी, त्या मोजून बघ, फोकस वरखाली करत मोजाव्या लागतात. स्टेम सेल्स तुझ्या मायक्रोस्कोपखाली वेगळ्या ओळखू येणार नाहीत, पण माळेचं सर्वात बारीक टोक जिथे संपतं त्याच्या जरा अलीकडे त्या दोन-तीन बसलेल्या आहेत. फोटो निघाला तर इथे टाक.